भाऊ खाली राहायचा

माझा मोठा भाऊ उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. आमचे वडील सुरतेच्या लिंबायतमध्ये लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कामाला होते. गल्लीतले बहुतेक खानदेशी बाप तिथेच होते आणि त्यांची पोरंही मिसरूड फुटलं की त्याच खात्यात जायची. भाऊही गेला. पण यंत्रांच्या खडखडाटाने त्याचं डोकं ठणकायचं. वडिलांना तोवर कमी ऐकू यायला लागलं होतं, घरात ते ओरडूनच बोलायचे. आपलंही असंच होईल ही धास्ती त्याने घेतली असावी. एक दिवस त्याने खातं सोडलं आणि एका रंगाच्या ठेकेदाराकडे जायला लागला. वडील चिडले. "खात्यात निदान डोक्यावर पत्रा तरी असतो," ते म्हणाले.

"वर वारं असतं," भाऊ म्हणाला. एवढंच.

तेव्हा सुरत नुकतीच वर चढायला लागली होती. आमच्याकडे खाली लूमचं खातं, वर भाड्याच्या खोल्या आणि त्यांच्यावर कुणीतरी हळूच चढवलेली पत्र्याची आणखी एक खोली, अशी घरं होती. गावात, चौकबाजाराच्या मागे, लाकडी खांबांची आणि नक्षीदार कठड्यांची जुनी घरं तग धरून होती. कतारगामला हिऱ्याचे कारखाने, तीन-तीन चार-चार मजल्यांचे, त्यांच्या खिडक्या भर उन्हाळ्यातही बंद. आणि नदीपलीकडे, पाल-अडाजणला, तसंच इकडे वेसूच्या बाजूला, जिथे आमच्या लहानपणी ज्वारी आणि भेंडी पिकायची, तिथे बारा-बारा मजल्यांचे सांगाडे उभे राहत होते. तिथे भाऊ दोरांना लटकलेल्या फळीवर उभा राहून काम करायचा. त्या फळीला ते झुला म्हणायचे. झुल्यावर नेहमी दोघं असत. भावाचा जोडीदार ओडिशाचा होता, त्याच्याच वयाचा, हसतमुख. भावाने त्याला थोडी अहिराणी शिकवली होती आणि तो आमच्या घरी आला की मायला मुद्दाम "काय करी राहिनी, माय?" असं विचारायचा. माय त्याला भरीत-भाकरी खाऊ घालायची.

मी शिक्षिकेची परीक्षा पास झाले त्या वर्षी भावाने मला एका तयार झालेल्या टॉवरच्या गच्चीवर नेलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदार इमारत सोपवणार होता, म्हणून भावाला त्याआधी मला वर न्यायची घाई होती. आम्ही वर आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी कठड्यापासून चार हात लांब उभी राहिले. तो मात्र कठड्यावर कोपरं टेकवून, पानाच्या ठेल्यावर उभा असल्यासारखा.

"तठे दख, बाय. ती पिवळी बिल्डिंग मनी शे," तो म्हणाला. "तिच्या बाजूची बदामी, ती पण. आणि ती दूरची, निळ्या पट्ट्याची, तीसुद्धा मनी."

"तुझी कशी? राहणारे दुसरेच."

"राहणारे आतून बघतात. बाहेरून मीच बघितली ना."

मी लिंबायत शोधत होते. बऱ्याच वेळाने मला ते दिसलं. लांबवर करड्या पत्र्यांचा एक सपाट पट्टा, त्यात एकही गोष्ट उंच नव्हती. आपण इतके बुटके आहोत हे मला तोवर ठाऊक नव्हतं. भाऊ मात्र खूश होता.

त्याचं लग्न झालं, वडील गेले, मला महापालिकेच्या मराठी शाळेत नोकरी लागली, लग्न होऊन मी गोडादऱ्याला राहायला गेले. आणि एका दिवाळीच्या आधी, कामांची घाई असताना, ते झालं.

मला जे कळलं ते इतरांकडून. झुल्याचा एक दोर वरच्या ज्या कठड्याला अडकवला होता, त्याचं बांधकाम कच्चं होतं. कठड्याचा तुकडा सुटला आणि फळी एका बाजूने खाली गेली. भावाचा कमरेचा सुरक्षेचा पट्टा अडकवलेला होता. जोडीदाराने रंगाची बादली ओढून घ्यायला त्याच क्षणी पट्टा सोडला होता. भाऊ पट्ट्याला लोंबकळत राहिला. आत फरशी घासणाऱ्या बायकांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या शर्टाला धरलं, मग माणसं आली आणि त्याला आत ओढलं. त्याच्या अंगावर बदामी रंग सांडला होता, बाकी ओरखडाही नव्हता. जोडीदार जागीच गेला. त्याचा मोठा भाऊ गावाहून आला आणि त्याला घेऊन गेला. आमचा भाऊ स्टेशनपर्यंत सोबत गेला होता. घरी आल्यावर त्याने अंघोळ केली, जेवला आणि झोपला. त्या दिवसाबद्दल तो आमच्यापैकी कुणाशीच कधी बोलला नाही. मायने एकदाच विचारलं. तो उठून बाहेर गेला. मायने पुन्हा विचारलं नाही.

नंतर त्याला इच्छापोरला एका कारखान्यात ठेक्यावर काम मिळालं. लांबलचक शेड, सगळं जमिनीवर. कंपनीच्या बसने जायचं, माल खोक्यांत भरायचा, संध्याकाळी परत. तो नियमित जायचा. आम्हाला वाटलं, सावरला.

तसं नव्हतं, हे आम्हाला हळूहळू कळलं. वहिनीच्या माहेरी, उधन्याला, घर पहिल्या मजल्यावर होतं. तो खाली दारापुढच्या ओटल्यावर बसून राहायचा, "गरम होतं वर," म्हणायचा. रिक्षात बसला की रिक्षावाल्याला पुलाखालून घ्यायला सांगायचा. सुरतेत जिथे बघावं तिथे उड्डाणपूल. सगळं शहर वरून जायचं आणि माझा भाऊ खालून, सिग्नलवर थांबत थांबत. संक्रांतीला आख्खी सुरत पतंग उडवायला गच्चीवर असते, गल्लीत चिटपाखरू नसतं. भाऊ तेव्हा रिकाम्या गल्लीत खाटेवर बसलेला असायचा. वरून लोक "काप्यो छे" ओरडायचे, तो वर बघायचासुद्धा नाही. वर बघितलं तरी त्याला घेरी यायची.

मी त्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी गोळ्या दिल्या, काही आठवडे बोलायला बोलावलं. तो दोनदा गेला. "ते मला डोळे मिटून उंच जागा आठवायला लावतात," तो म्हणाला. "मी तर विसरायला बघतोय."

मग रस्ता रुंद करायचं निघालं आणि आमची लिंबायतची खोली त्यात गेली. बदल्यात आवास योजनेतलं घर मिळणार होतं. कुणाला कुठलं ते ड्रॉ काढून ठरायचं होतं. वहिनी नवस बोलली होती, बहुतेक तळमजल्याचाच. नाव पुकारलं ते नवव्या मजल्यासाठी. मी शेजारी उभी होते. वहिनी आधी हसली, मग तिने भावाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. लग्न झाल्यापासून ती सार्वजनिक नळावर भांडून पाणी भरत होती. आता दोन खोल्या, स्वयंपाकघर, घरातच नळ, घरातच संडास, शिवाय एक गॅलरी. आणि तिला धड आनंदही करता येईना.

"बदलून मिळेल का, विचारू," मी म्हटलं.

"विचारायचं नाही," भाऊ म्हणाला. "तिला राहू दे चांगल्या घरात. मी बघतो."

विचारलं असतं तरी उपयोग नव्हता. खालची घरं मिळालेल्यांपैकी कोण सोडणार?

पहिल्या दिवशी तो लिफ्टमध्ये शिरला तो भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. एका बाजूने मी, एका बाजूने वहिनी. घरात तो आतल्या खोलीत, गॅलरीपासून सगळ्यात लांबच्या भिंतीला पाठ लावून बसला. वहिनीने गॅलरीचं दार लावलं, त्याच्यावर जाड पडदा टाकला, पडद्यासमोर कपाट सरकवलं. तरी वारा सुटला की दार वाजायचं आणि तो दचकून उठायचा. तो नीट झोपत नव्हता, जेवत नव्हता. असे काही दिवस काढून एका सकाळी त्याने उशी आणि चादर उचलली आणि खाली गेला. पार्किंगला लागून पाण्याच्या मोटरची खोली होती. सोसायटीला मोटर बघायला आणि झाडलोट करवून घ्यायला माणूस हवाच होता. इच्छापोरचं काम त्याने सोडलं आणि ते धरलं. मोटरच्या खोलीत एक खाट मावत होती.

तेव्हापासून आमचा भाऊ खाली राहायचा आणि त्याचं घर वर.

लोक बोलले. नवरा-बायकोचं पटत नसेल, दारू पीत असेल, काहीही. वहिनीने कुणाला उत्तर दिलं नाही. ती दोन्ही वेळचं जेवण घेऊन लिफ्टने खाली यायची, दोघं पार्किंगमध्ये स्कूटरींच्या मधल्या जागेत सतरंजी टाकून जेवायचे. पावसाळ्यात पाणी आत यायचं तेव्हा खाटेवर. एकदा मी तिला विचारलं, "वहिनी, कंटाळा नाही येत?"

"ताई, आमच्या बापाच्या घरी नवरे रोज वर झोपायचे आणि माणसासारखे वागायचे नाहीत," ती म्हणाली. "त्याच्यापेक्षा हे बरं."

त्या वर्षी श्रावणात कानबाई बसवायची होती. देवी घरात बसणार, म्हणजे नवव्या मजल्यावर. शेजारच्या बायका वर गाणी म्हणत होत्या, रोट भाजले जात होते. भाऊ खाली नवा सदरा घालून लिफ्टच्या दारासमोर उभा होता. विसर्जनाला कानबाई डोक्यावर घेऊन वहिनी लिफ्टमधून बाहेर आली, तेव्हा कुठे त्याला दर्शन झालं. लिफ्टच्या उंबऱ्यावरच त्याने डोकं टेकवलं.

मायला मात्र वरचं घर मानवलं. आयुष्यभर ती पत्र्याखाली राहिली होती. तिने कपाट बाजूला करवलं आणि गॅलरीत स्टूल टाकलं. समोर तेव्हा मोकळं होतं. रेल्वेचे रूळ, त्यापलीकडे कापड बाजाराच्या चौकोनी इमारती, आणि दूर तापीवरच्या पुलाचे उंच खांब. मेट्रोच्या बांधकामाच्या क्रेन हळूहळू माना वळवायच्या, ते बघण्यात तिचा वेळ जायचा.

"इमारती दिसतात का, माय?" मी विचारायचे.

"त्या शेतस. पण मी आभाय दखस," ती म्हणायची. "तुना बापले दखाडाले पाहिजे व्हतं."

रोज सकाळी ती काठी टेकत लिफ्टने खाली जायची आणि भावाजवळ खाटेवर बसायची. चहा तिथेच. पण मग तिचे पाय सुजायला लागले, दम लागायला लागला. हृदय मोठं झालंय, डॉक्टर म्हणाले. तिचं खाली जाणं आधी एक दिवसाआड झालं, मग आठवड्याने, मग बंदच झालं. नववा मजला आणि तळमजला. आई आणि मुलगा एका इमारतीत राहत होते आणि त्यांची भेट होत नव्हती.

ती त्याला फोन करायची. वहिनीने नंबर लावून फोन हातात द्यायचा. "जेवना का?" "हां." "काय व्हतं?" "तूच तर धाडलं." "मीठ बरोबर व्हतं का?" असं बराच वेळ चालायचं. कधीकधी दोघंही काही बोलायचे नाहीत, फोन नुसता कानाला. मी आलेली असले की वर मायचा गप्प चेहरा बघायचे आणि खाली उतरले की भावाचा. दोघांची हनुवटी सारखीच आहे हे मला तेव्हा जाणवलं. मधल्या त्या लिफ्टमध्ये मी एकटी असायचे, आणि कुणावर रागवावं तेच कळायचं नाही.

गेल्या थंडीत तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे भाऊ दिवसभर तिच्याजवळ होता, वॉर्ड तळमजल्यावर होता. ते दिवस त्यांना मिळाले. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी न्या, काय हवं ते खाऊ घाला. आम्ही तिला चाकांच्या खुर्चीत बसवून वर नेलं. लिफ्टचं दार बंद होताना भाऊ बाहेर उभा होता.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी ती मला म्हणाली, "भाऊले बलाव."

"फोन लावू?"

"फोन नको. बलाव."

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी खाली गेले. भाऊ मोटरच्या खोलीत स्टोव्हवर पाणी तापवत होता. माझा चेहरा बघून त्याने स्टोव्ह विझवला.

"माय बोलावते आहे," मी म्हटलं.

"काय म्हणाली?"

"फोन नको म्हणाली."

तो खाटेवर बसला. गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत राहिला. मला वाटलं, नाही म्हणेल. मी मनातल्या मनात मायला काय सांगायचं ते जुळवत होते. मग तो उठला. लिफ्टपाशी आम्ही थांबलो. लिफ्टचं दार उघडलं, त्याने आत बघितलं आणि मान हलवली.

"डब्यात नाही. पायांनी जाईन," तो म्हणाला.

जिन्याच्या पायथ्याशी त्याने चपला काढल्या. का काढल्या ते मला माहीत नाही. उजवा हात आतल्या भिंतीवर सपाट ठेवून तो चढायला लागला. प्रत्येक वळणावर सिमेंटची जाळी होती, जाळीतून बाहेरचा उजेड आणि वारा यायचा. त्या वळणांवर तो भिंतीला खांदा घासत, तोंड फिरवून जायचा. मी मागे होते. चौथ्या मजल्यानंतर त्याची पाठ घामाने भिजली. पाचव्यावर तो पायरीवर बसला, डोकं गुडघ्यांत घालून. श्वास असा येत होता की मला भीती वाटली. समोरच्या घरातली गुजराती बाई दार उघडून बघत होती. तिने पाण्याचा तांब्या आणला. त्याने पाणी प्यायलं नाही, ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं.

"भाऊ, परत जायचं का? मी सांगते मायला."

"नही," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, खूप हळू, "तो पडला तेव्हा मी डोळे मिटले होते, बाय. मला वाटतं तो माझ्याकडे बघत होता."

इतक्या वर्षांत तो त्याबद्दल बोलला ते एवढंच. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. थोड्या वेळाने तो भिंत धरून उठला.

वर दार उघडंच होतं. वहिनीने गॅलरीचा पडदा आधीच ओढून घेतला होता. भाऊ सरळ मायच्या खाटेशी गेला आणि खाली फरशीवर बसला. मायने त्याच्या केसांवर हात ठेवला.

"पायरीवरथीन ऊना?" तिने विचारलं.

"हां."

"दमना व्हशी. च्या कर व सूनबाई."

तो त्या दिवसापासून खाली गेला नाही. तिच्या खाटेशेजारी फरशीवरच झोपला. वहिनी आणि मी तिला पुसायचो, कुशीवर वळवायचो, तो चमच्याने पाणी पाजायचा. नंतरच्या रविवारी, ऊन वर यायच्या आधी, माय गेली. तिचा हात भावाच्या हातात होता.

मग एक अडचण समोर आली, जी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. तिरडी लिफ्टमध्ये मावत नव्हती. उभी करूनही नाही, तिरपी करूनही नाही. जमलेल्या पुरुषांत चर्चा सुरू झाली. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, या इमारतीत असंच असतं, त्यांच्या वडिलांना खुर्चीत बसवून, ओढणीने बांधून लिफ्टने नेलं होतं, खाली तिरडी तयार ठेवायची. ते वाईट बोलत नव्हते, अनुभवाचं सांगत होते. काहींनी मान डोलावली.

भाऊ आतून बाहेर आला. "बसवून नाही," तो म्हणाला. "माय झोपूनच जाईल."

"अरे, नऊ मजले. वळणं अरुंद आहेत."

"मी पुढे होतो."

आणि तो पुढे झाला. खाली उतरताना पुढच्या माणसाला सगळा भार घ्यावा लागतो आणि नजर खालीच ठेवावी लागते. प्रत्येक वळणावर तिरडी उचलून कठड्याच्या वरून फिरवावी लागत होती, म्हणजे भावाला त्या जाळीला पाठ टेकवून उभं राहावं लागत होतं, बाहेरच्या सगळ्या उंचीला. आम्ही बायका वरून बघत होतो. मागचे खांदेकरी बदलत राहिले. त्याने खांदा बदलू दिला नाही. मजल्यामजल्यावर लोक दारात येऊन हात जोडून उभे राहत होते. पाचव्या मजल्यावरची बाई रडत होती. तिने मायला कधी बघितलंही नसेल.

दिवसकार्य होईपर्यंत तो वर राहिला. नंतर आम्हाला वाटलं, आता तो खाली जाईल. वहिनीने उशी-चादर घडी करून दारापाशी ठेवली होती. तो दोन दिवस त्या घडीला वळसा घालून ये-जा करत राहिला. तिसऱ्या दिवशी वहिनीने ती उचलून परत कपाटात ठेवली.

तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. लिफ्टमध्ये तो अजून बसत नाही, चढतो आणि उतरतो ते पायांनीच, हात भिंतीवर. रिक्षा अजून पुलाखालून जाते. दिवसा मोटरच्या खोलीत असतो, कारण काम तिथे आहे. रात्री मात्र घरी. गॅलरीकडे तो फिरकत नव्हता. मायचं स्टूल तिथे तसंच उन्हात पडून होतं.

यंदा समोरच्या मोकळ्या जागेवर नवा टॉवर उभा राहिला. बघता बघता स्लॅबवर स्लॅब चढले आणि तो आमच्या मजल्याच्याही वर गेला. रूळ गेले, बाजार गेला, नदीवरच्या पुलाचे खांब गेले. गॅलरीतून आता फक्त एक करडी भिंत दिसते, इतकी जवळ की काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांच्या खुणा तिच्यावर मोजता येतात. वहिनी फार हळहळली. "एवढं उंच घर मिळालं आणि वाराही गेला," ती म्हणत होती. मलाही वाईट वाटलं. मायचं आभाळ होतं ते.

परवा सुट्टी होती म्हणून मी त्यांच्याकडे गेले. घरात भाऊ दिसेना. वहिनीने ओट्यावरूनच मानेने खूण केली. गॅलरीचं दार उघडं होतं. भाऊ स्टुलावर बसून लसूण सोलत होता. समोर ती भिंत.

"इथे बसलास?" मी म्हटलं. आवाज साधा ठेवायचा मी प्रयत्न केला.

"इथून काही दिसत नाही आता," तो म्हणाला. "बसता येतं."

त्याने थोडं सरकून मला जागा केली. मी उंबऱ्यावर बसले आणि ताटलीतल्या पाकळ्या उचलून सोलायला लागले.